रोटेशन सुटलं, पण प्रोसेस मेली तर?

अँड्रॉइड ॲपमध्ये स्क्रीन फिरवली की फॉर्ममध्ये भरलेली माहिती जाते; त्यावर व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा स्क्रीनपासून वेगळा सांभाळणारा क्लास) वापरलं की ती टिकते, असं उत्तर सहसा दिलं जातं. स्क्रीन आडवी-उभी करण्यापुरतं ते बरोबर आहे. पण ॲप मागे असताना मेमरी कमी पडली म्हणून अँड्रॉइडने अख्खी प्रोसेसच (मेमरीत चालू असलेलं ॲप) मारली, तर व्ह्यूमॉडेलही तिच्याबरोबर जातं. युजर परत येतो, स्क्रीन तीच दिसते आणि रकाने रिकामे! तिथे सेव्हडस्टेटहँडल (प्रोसेस मेली तरी थोडी माहिती सिस्टीमकडे जपून ठेवणारी सोय) लागतं, कंपोजमध्ये (अँड्रॉइडचं स्क्रीन बांधायचं टूलकिट) असाल तर त्याच कामाचं रिमेंबरसेव्हेबल.

मात्र त्यात सगळं कोंबू नका. ही जपलेली माहिती बंडल नावाच्या गठ्ठ्यात बाइंडरमधून (प्रोसेसेसमधली देवाणघेवाण करणारी अँड्रॉइडची यंत्रणा) जाते आणि बाइंडरचा बफर साधारण १ एमबीचा, तोही प्रोसेसमधल्या सगळ्या चालू व्यवहारांत मिळून. मोठी यादी किंवा बिटमॅप (चित्र) घातलात तर अँड्रॉइड ७ पासून ॲप सरळ क्रॅश होतं. आयडी, शोधशब्द, अर्धवट लिहिलेला मजकूर एवढंच ठेवा. बाकीचं त्या आयडीवरून डेटाबेसमधून पुन्हा आणा. लांबलचक मसुदा असेल तर तोही डेटाबेसमध्येच बरा.

तपासताना रिसेंट्समधून (अलीकडे वापरलेल्या ॲप्सची यादी) ॲप वर सरकवून उडवू नका. युजरने स्वतःच बंद केलं असं सिस्टीम धरते आणि जपलेली स्टेट टाकून देते, म्हणजे चाचणी फुकट. डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' (स्क्रीन सोडली की ती लगेच नष्ट करणारी सेटिंग) कामाचं आहे, पण त्यात प्रोसेस जिवंत राहते, त्यामुळे सिंगलटनमध्ये (प्रोसेस असेपर्यंत टिकणारा, ॲपभर एकच असलेला ऑब्जेक्ट) लपवलेला डेटा टिकतो आणि ती चूक पकडली जात नाही. होम बटण दाबून ॲप मागे टाका, एडीबीवरून (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन) 'एएम किल' ही मागे असलेल्या ॲपची प्रोसेस मारणारी आज्ञा द्या आणि रिसेंट्समधून परत उघडा.