सापडलेलं मंगळसूत्र: आधी पोलीस ठाणं की आधी मालकाचा शोध?

पायवाट
रस्त्यावर, जत्रेत किंवा मंगल कार्यालयाबाहेर दागिना सापडला की सगळे एकच सल्ला देतात, "सरळ पोलिसांत द्या." मला तो पटत नाही. पहिले चार-पाच दिवस आपणच मालक शोधावा. दागिना पडलेली बाई आधी ठाण्यात जात नाही. ती आली त्या वाटेने उलट चालत जाते, फुलवाल्याला, पानपट्टीवर, कार्यालयाच्या मॅनेजरला विचारते. म्हणून तिथल्या तीन-चार दुकानांत आपला नंबर लिहून ठेवावा. चिठ्ठीत मजकूर एवढाच: "एक दागिना सापडला आहे, ओळख पटवून न्यावा." मंगळसूत्र आहे की बांगडी, हेसुद्धा लिहायचं नाही. एकदा वस्तू मुद्देमालात जमा झाली आणि कागद कोर्टात गेले, की मालकिणीला अर्ज, वकील, तारखा. तिचंच सोनं तिला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवून घ्यावं लागतं.

ठाणे_दैनंदिनी
साफ असहमत. हरवणारी बाई आज ना उद्या ठाण्यात किंवा ऑनलाइन गहाळ नोंद करतेच. तिची नोंद ठाण्यात आणि वस्तू तुमच्या कपाटात, मग गाठ पडणार कशी? शिवाय तुम्ही वाकून काहीतरी उचललंत ते समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत आलेलं असतं. पाचव्या दिवशी पोलीस दारात आले तर "मी शोधतच होतो" याला पुरावा काय?

ज्या हद्दीत सापडलं त्याच ठाण्यात जायचं. ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद करायला सांगायचं आणि नोंदीचा क्रमांक, वेळ घ्यायची. नोंदीत "पिवळ्या धातूचे मंगळसूत्र" असं लिहितात. यावरून लोक उगाच भडकतात, "सोन्याचं का नाही लिहिलं?" म्हणून. कस लावून पाहिल्याशिवाय पोलीस सोनं लिहीत नाहीत, सराफाकडच्या चोरीच्या पंचनाम्यातही हीच भाषा असते. आग्रह धरायचा तो वर्णनाचा: पदर किती, वाट्या किती, तुटलंय कुठे, वजन किती. जाण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पिशवी चिकटपट्टीने बंद करून पट्टीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. गावात असाल तर पोलीस पाटलांना सोबत न्या.

आणि कोर्टाची भीती अर्धीच खरी आहे. मालक लवकर पुढे आला तर बहुतेक वेळा ओळख पटवून ठाण्यातच वस्तू परत देतात. कोणी आलंच नाही, तर मग कागद दंडाधिकाऱ्यांकडे जातात.

काळी_शाई
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. भारतीय करार कायदा 1872, कलम 71: सापडलेली वस्तू तुम्ही ताब्यात घेतलीत की ती कोणी सांभाळायला दिल्यासारखी जबाबदारी तुमच्यावर येते. स्वतःचं सोनं जपाल तितकी काळजी घ्यावी लागते. म्हणजे पायवाट म्हणतात तसा शोध घेणं बेकायदा नाही. उचलणं हाही गुन्हा नाही. गुन्हा होतो तो अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरल्यावर. पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं (भा.दं.वि.) कलम 403, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 314. नव्या कलमात किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद आणि दंड आहे. जुन्यात किमान शिक्षाच नव्हती, हा फरक अजून लोकांच्या ध्यानात आलेला नाही.

"वर्षभर ठेवलं, कोणी आलं नाही, आता माझं" हे चालत नाही. कायद्यात दिवस मोजून दिलेले नाहीत. मालक शोधण्याचे वाजवी प्रयत्न आणि वाजवी काळ, एवढंच आहे. करार कायद्याच्या कलम 169 प्रमाणे सापडलेली वस्तू विकता येते, पण कधी? मालक शोधूनही सापडत नाही किंवा तुमचा रास्त खर्च द्यायला नकार देतो, आणि त्यातही वस्तू नासणारी असेल किंवा झालेला खर्च किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल तर. सोनं नासत नाही आणि ते सांभाळायला एवढा खर्च येत नाही. त्यामुळे दागिन्याच्या बाबतीत ही वाट बंदच समजा.

पायवाट
म्हणजे शोध घ्यायला हरकत नाही, मान्य केलंत. नोंद करून दागिना आपल्याकडे ठेवता येतो का?

काळी_शाई
नोंद करा, लेखी अर्ज द्या, पोचेचा शिक्का घ्या. अप्रामाणिक हेतू नव्हता हे दाखवायला ती पोच उपयोगी पडते. पण पोलिसांनी वस्तू मागितली तर द्यावी लागेल. बेवारस मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस कायद्याने त्यांना दिला आहे.

सराफपेठ
सगळे कलमांवर अडलेत, ओळख कशी पटवायची ते कोणी बोलत नाही. "माझंच आहे" म्हणणाऱ्या तीन बायका आल्या तर? बिल मागा, पण बिलावरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळणार नाही, आणि न जुळणं हे खोटेपणाचं लक्षण नाही. बिलात एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगवेगळं असतं. काळे मणी निव्वळ वजनातून वगळतात. काट्यावरच्या वजनाशी बिलातलं एकूण वजन ताडून पाहा.

त्याहून चांगले प्रश्न हे: वाट्या पोकळ आहेत की आत लाख भरलेली? दोन्ही वाट्या सारख्या की एक माहेरची जुनी, एक सासरची नवी? मागचा हूक कोणत्या प्रकारचा? मधे सोन्याचे मणी किती आणि कुठे? ओवलं आहे तारेत की दोऱ्यात? रोज गळ्यात असलेल्या वस्तूची ही उत्तरं बाई न अडखळता देते. फोटो पाहून आलेला माणूस वाट्यांच्या मागच्या बाजूवर अडकतो.

हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाका, ज्वेलरचं नाव कळतं.

ठाणे_दैनंदिनी
एचयूआयडीवर फार विसंबू नका. ज्याने हॉलमार्क करून घेतला तो अनेकदा घडवणारा किंवा घाऊक व्यापारी असतो, ज्याच्या दुकानातून बाईने घेतलं तो नव्हे. 2021 च्या आधीच्या दागिन्यावर हा क्रमांकच नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना हॉलमार्कची सक्तीही नाही.

सराफपेठ
मान्य. पण घाऊकवाला निदान माल कुठल्या गावाला दिला ते सांगतो. आणि एक सूचना: वजन करायला म्हणून अनोळखी सराफाकडे जाऊ नका. बिल नसलेला दागिना काउंटरवर ठेवलात की त्याच्या नजरेत तुम्ही चोर.

तिकीटखिडकी
रस्त्याचं ठीक. बस-रेल्वेत "मी स्वतः शोधतो" हा हट्ट चुकीचाच. एसटीत सापडलं तर वाहकाकडे द्यायचं, गाडीचा क्रमांक, मार्ग आणि वेळ लिहून ठेवायची. वस्तू आगारात जमा होते आणि प्रवासी चौकशीला तिथेच येतो. रेल्वेत स्टेशन मास्तर किंवा आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल). हरवणारा 139 वर फोन करतो, तुमच्या चिठ्ठ्या त्याला कुठून दिसणार? आणि बेवारस बॅग असेल तर उघडून पत्ता शोधायच्या फंदात पडूच नका. हात न लावता कळवा.

पायवाट
बस-रेल्वेचं मान्य, तिथे व्यवस्था आहे. माझा मुद्दा रस्त्याचा आहे.

गल्लीतला_दिवा
रस्त्यावर तर जास्त जपून. पुढे चालणाऱ्याच्या हातून पुडकं पडतं, लगेच दुसरा येतो, "दोघांनी पाहिलंय, वाटून घेऊ, तुमची अंगठी द्या, हे तुम्ही ठेवा." पितळेला मुलामा असतो. अशा वेळी पुडकं न उचलता 112 लावायचा.

आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती: फोटो टाकलात की ओळख पटवायचे सगळे प्रश्न फुटले.

पायवाट
बक्षीस?

काळी_शाई
मागता येत नाही. मालकाने ठरावीक बक्षीस आधीच जाहीर केलं असेल तर मात्र त्यावर हक्क आहे, ते मिळेपर्यंत वस्तू अडवूनही ठेवता येते (करार कायदा, कलम 168). जाहीर केलं नसेल तर शोधायला झालेल्या त्रासाचा आणि खर्चाचा दावा लावता येत नाही. तेवढ्या भरपाईपुरती वस्तू अडवता येते, पण दोनशे रुपयांच्या रिक्षाभाड्यासाठी कोणाचं मंगळसूत्र अडवणार?

सराफपेठ
देताना मात्र लिहून घ्या. आधारकार्डाची प्रत, दागिन्याचं वर्णन, "मिळाले" म्हणून सही, दोन साक्षीदार. दुसऱ्या दिवशी खरी मालकीण आली तर हाच कागद कामी येतो.

ठाणे_दैनंदिनी
एवढं सगळं घरी बसून करणार, त्यापेक्षा हेच ठाण्यात करा ना.

पायवाट
करू. पण फुलवाल्याकडची चिठ्ठी मी आधी ठेवणार.