सल्ला हवा: आईला (वय ७३, गुडघा अधू) पवित्र भूमीची यात्रा, दोघींचे मिळून तीन लाख

दांडियाबाजारची_लेक
प्रभूच्या नावात सलाम. येत्या फेब्रुवारीत आईला पवित्र भूमीला न्यायचं मनात आहे. आई ७३ वर्षांची. डावा गुडघा झिजलाय, ऑपरेशन नको म्हणते. सपाटीवर काठी घेऊन अर्धा किलोमीटर चालते, पायऱ्या एकेक करत, कठडा धरून. बाबा पाळक होते. इस्राएलमधल्या गालील समुद्रावरच्या वादळावर त्यांनी किती उपदेश केले असतील, पण तो समुद्र त्यांना बघायला मिळाला नाही. ते गेल्यापासून आई एवढंच म्हणते, "मला एकदा ते पाणी डोळ्यांनी बघायचंय."
बजेट दोघींचं मिळून तीन लाख, विमानासकट. त्यावर एक रुपया नाही, कर्जही काढायचं नाही.
जॉर्डन-इस्राएल-इजिप्त अशी ग्रुप टूर घ्यावी की नुसतं इस्राएल? गुडघ्याचं काय करावं? जे स्वतः जाऊन आलेत त्यांनीच लिहा, ही विनंती.

निझामपुरा_७
आम्ही २०१९ ला गेलो, तीन देश, बारा दिवस. डोळे झाकून तिन्ही देश घ्या, आयुष्यात एकदाच जाणं होतं. इजिप्तमधला सिनाय डोंगर तर सोडूच नका. रात्री एक वाजता चढायला लागलो आणि वर सूर्योदय बघितला. २,२८५ मीटर उंची, कडाक्याची थंडी, पण मोशेला आज्ञा मिळाल्या त्या जागी उभं राहून आमच्या ग्रुपने स्तोत्र गायलं तेव्हा सगळे रडत होतो. खाली संत कॅथरीनचा मठ आहे, सहाव्या शतकातला. आमचे माणशी एक लाख साठ पडले होते, आता जास्त असतील. थोडं बजेट वाढवा.

दांडियाबाजारची_लेक
दादा, फोटो टाका ना, आईला दाखवते. पण रात्रीचा डोंगर तिला कसा चढवू? आणि बजेट वाढणार नाही.

मंडळीतली_काकी
बाळ, मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, म्हणून सांगते. बेथलेहेमच्या जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम चार फुटांचं आहे, सगळ्यांनाच कमरेत वाकून आत जावं लागतं. त्यानंतर गुहेत उतरायच्या पायऱ्या अरुंद आणि गुळगुळीत, मागून लोकांचा रेटा. यरुशलेमात पवित्र कबरेच्या चर्चमध्ये गुलगुथाची, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं ती जागा वरच्या मजल्यावर आहे. तो जिना इतका उभा की सासूबाई अर्ध्यावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. वर न्यायला कोणी थांबेना, गाइड पुढे निघून गेला. मी त्यांच्याजवळ जिन्यात बसून राहिले, माझंही दर्शन राहिलं. आजही ते मनातून जात नाही.
ग्रुपमध्ये पन्नास माणसं, बस सातला सुटते. हळू चालणाऱ्याची कोणी वाट बघत नाही. जुन्या शहरातले दगडी रस्ते पावसात निसरडे होतात, आणि फेब्रुवारीत तिथे पाऊस असतो.
विमान कंपनीला दोन दिवस आधी व्हीलचेअर सांगून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत. घडीचा स्टूल नक्की न्या.

मांजलपूर_शास्त्रपाठ
काकी म्हणतात त्या चर्चऐवजी बागेतली कबर बघा, येशूची कबर हीच असं आपल्यातले काही मानतात. दमास्कस दरवाज्याच्या बाहेर आहे. झाडं, बाकं, शांतता. आधी कळवलं तर आपल्या मंडळीला तिथे प्रभुभोजनही घेता येतं. मला तर तिथेच पुनरुत्थानाचं वचन कळलं. दुसरीकडे सगळा धूर, मेणबत्त्या आणि ढकलाढकली.

वसईचा_पाहुणा
असं लिहू नका, वाचून वाईट वाटलं. चौथ्या शतकापासून भाविक ज्या जागी गुडघे टेकतात ती ही जागा. सहा पंथ एकाच छपराखाली उपासना करतात आणि दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम घराण्यांकडे असते. आत शिरल्याशिरल्या अभ्यंगशिला आहे, दफनाआधी येशूचा देह जिच्यावर ठेवला असं मानतात ती. माझ्या आईने तिच्यावर रुमाल टेकवून आणला होता. तिला मूठमाती देताना तोच तिच्या हातात ठेवला. बागेतल्या कबरीकडे लोकांचं लक्ष गेलं ते एकोणिसाव्या शतकात.

मांजलपूर_शास्त्रपाठ
रुमालाचं वाचून मीही क्षणभर थांबलो. पण वचनात येशूने "वेशीबाहेर" दुःख सोसलं असं आहे आणि ते चर्च आज तटबंदीच्या आत आहे.

वसईचा_पाहुणा
आजची तटबंदी सोळाव्या शतकात सुलेमानने बांधलेली. येशूच्या काळी ती जागा वेशीबाहेरच होती. असो, ताईंचा प्रश्न वेगळा आहे.
ताई, माझं ऐकाल तर फ्रान्समधल्या लुर्दला न्या. १८५८ मध्ये बर्नादेतला मरियामातेने अठरा वेळा दर्शन दिलं ते ठिकाण. सगळं गावच आजारी माणसांचा विचार करून चालतं. व्हीलचेअरवाल्यांना पुढची जागा, ढकलायला स्वयंसेवक. जोडून रोम आणि पोर्तुगालमधलं फातिमा करा. आम्हाला दोघांना साडेपाच लाख लागले, पण आईला एकदाही पायरी चढावी लागली नाही.

दांडियाबाजारची_लेक
दादा, माहिती फार चांगली आहे, पण साडेपाच लाख आमच्या हाताबाहेर आहेत. आणि आईला गालीलच बघायचंय.

रेल्वे_निवृत्त_बडोदे
मी स्पष्ट लिहितो. सध्या त्या बाजूला जाऊच नये. २०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध पेटलं तेव्हा आमच्या चौघांचं बुकिंग होतं. एजंटने आगाऊ एक लाख वीस हजार घेतले होते. टूर रद्द झाली, पैसे मागायला मी चौदा महिने हेलपाटे घातले आणि निम्मेच हातात आले. विमा होता, पण युद्धामुळे रद्द झालेली सहल त्यात बसत नाही, हे नंतर कळलं. बारीक अक्षरातलं आधी वाचा. पैसे एकरकमी देऊ नका, रद्द झाल्यास किती परत हे कागदावर घ्या.
देशातच एवढं आहे. वेलंकनी आहे, २९ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत सण असतो. चेन्नईला संत थोमाचं बॅसिलिका आहे. आणि आपण मराठी माणसांनी आधी केडगाव बघावं. दौंडच्या अलीकडे पॅसेंजर थांबते. पंडिता रमाबाईंनी अनाथ मुली आणि टाकलेल्या बायका सांभाळल्या ते मुक्ती मिशन, तिथेच त्यांनी मूळ भाषांतून मराठी बायबल केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, कबर तिथेच आहे. मी दर दोन वर्षांनी जातो. दोघींचं तिकीट हजाराच्या आत.

मंडळीतली_काकी
केडगावला मीही गेलेय, मन भरून येतं. पण भाऊ, तिच्या आईची इच्छा गालीलची आहे.

निझामपुरा_७
गालीलवर बोटीची फेरी असते, बोटीवर भारताचा झेंडा लावतात आणि राष्ट्रगीत वाजवतात. नंतर ताज्या माशाचं जेवण, पेत्राचा मासा म्हणतात. तिथून जवळच यार्देन नदीवर बाप्तिस्म्याचं ठिकाण आहे, यार्दनीत, तिथे पांढरा झगा घालून पाण्यात उतरतात. उतरायला कठडे आहेत, आईंना जमेल. सिनाय नको तर निदान इतकं करा.

ओल्डपादरा_रोड
उशिरा लिहितोय. मी अम्मानला तीन वर्षं नोकरीला होतो, त्यामुळे मला फक्त जॉर्डनचं ठाऊक आहे, तेवढंच लिहितो.
ग्रुप टूरवाले जॉर्डन एका दिवसात उरकतात, कारण त्यांना सीमा ओलांडायची घाई. ती सीमा म्हणजे बॅगा उतरवणं, तपासणी, परत चढवणं, कधी कधी तीन-चार तास उभं राहणं. ७३ व्या वर्षी गुडघ्याला डोंगरापेक्षा तेच जास्त भारी पडेल.
जॉर्डनमध्ये राहूनही बरंच दिसतं. नबो डोंगर, बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायातला, जिथून देवाने मोशेला वचनदत्त देश लांबून दाखवला तो. गाडी जवळपर्यंत जाते, पुढची वाट सपाट. वर चर्च आहे, खांबावर गुंडाळलेल्या सर्पाचा क्रूस आहे. हवा स्वच्छ असेल तर मृत समुद्र, यरीहो आणि नशीब असेल तर यरुशलेमचे डोंगर दिसतात. जवळच्या मादाबा गावात संत जॉर्जच्या चर्चमध्ये जमिनीवर सहाव्या शतकातला दगडी तुकड्यांचा नकाशा आहे, त्यात यरुशलेम ओळखू येतं. यार्देन नदीच्या पूर्व काठावर, योहानाने बाप्तिस्मा दिला ती जागा म्हणून जपलेलं अल-मग्तस आहे, २०१५ पासून जागतिक वारशात. तिथे त्यांच्याच बसने नेतात, पुढे थोडं चालणं आहे.
आणि ताई, तुमच्यासाठी मुद्दाम: उत्तरेला उम्म कैस नावाचं गाव आहे, म्हणजे शास्त्रातलं गदरा. अम्मानहून गाडीने दोनेक तास. त्याच्या टोकावरून खाली अख्खा गालील समुद्र दिसतो. मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जायचो. फेब्रुवारीत टेकड्या हिरव्यागार असतात, पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी पाणी लख्ख चमकतं.
इस्राएलला जाताना वाटेत एवढं तरी करा, असं म्हणायचं होतं.

मांजलपूर_शास्त्रपाठ
मत्तय ८:२८, "गदरेकरांच्या देशात". भुते डुकरांत शिरली आणि कळप कड्यावरून समुद्रात गेला तो प्रसंग. मला वाटत होतं ती जागा इस्राएलातच आहे.

ओल्डपादरा_रोड
मार्क आणि लूकमध्ये नाव वेगळं येतं, त्यामुळे काठावरची दुसरी जागाही दाखवतात. गदरा गाव मात्र हेच.

रेल्वे_निवृत्त_बडोदे
परत सांगतो, परराष्ट्र खात्याची सूचना वाचल्याशिवाय एक पैसा भरू नका. आणि मुंबईहून जा. अहमदाबादहून भाडं अनेकदा जास्त असतं.

निझामपुरा_७
उलट आहे. बडोद्याहून अहमदाबाद विमानतळ टॅक्सीने दोन तास. मुंबईला आदल्या रात्री गाडी, सकाळी स्टेशनवर बसून राहणं, परत टॅक्सी. म्हाताऱ्या माणसाला अहमदाबादच बरं.

मंडळीतली_काकी
थेपले, सुका मेवा आणि इसबगोल न्या. तिकडे सकाळ-संध्याकाळ हमस आणि काकडी.

दांडियाबाजारची_लेक
ओल्डपादरा दादा, एक विचारू? नुसतंच जॉर्डन केलं तर किती दिवस आणि साधारण किती खर्च?

ओल्डपादरा_रोड
पाच रात्री पुरे. अम्मान किंवा मादाबात एकच हॉटेल, रोज बॅगा भरायच्या नाहीत. ड्रायव्हरसकट गाडी घ्या, ग्रुप नको. एक दिनार म्हणजे शंभराहून जास्त रुपये, हे लक्षात ठेवून हिशोब करा. जॉर्डन पास, म्हणजे तिथल्या प्रेक्षणीय जागांचं एकत्र तिकीट, ७० दिनारपासून मिळतो. निघण्याआधी घेतला आणि किमान तीन रात्री राहिलात तर ४० दिनारची व्हिसा फी माफ होते. पण पासचा खरा फायदा पेट्रा हे डोंगरात कोरलेलं जुनं शहर बघणाऱ्यांना, तिथलं एका दिवसाचं तिकीटच ५० दिनार. आईंना पेट्राची पायपीट झेपणार नसेल तर पास घेऊ नका, साधा व्हिसा आणि सुटी तिकिटं स्वस्त पडतील. तसंही नबो आणि बाप्तिस्म्याची जागा साध्या पासात धरलेली नाही.
तयार पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. विवरणपत्र भरलं की तो वळता होतो, पावती जपा.

निझामपुरा_७
ताई, असं करू नका हो. पंढरपूरला जायचं आणि चंद्रभागेच्या अलीकडूनच परत फिरायचं, तसं होईल. एवढा खर्च करून यरुशलेमात पाऊल नाही?

वसईचा_पाहुणा
मीही हेच म्हणतो. आणखी दोन वर्षं पैसे साठवा, शांतता होईल, मग नीट जा. बेथलेहेम न बघता आलेली यात्रा मनाला लागून राहते.

मंडळीतली_काकी
दोन वर्षांनी आई ७५ ची होईल, गुडघा तोच राहील का? पण यरुशलेम चुकवू नये असं मलाही वाटतं. छोटा ग्रुप बघ, पंधरा जणांचा.

दांडियाबाजारची_लेक
चार दिवस लिहिलं नाही, कारण आईला सगळा धागा वाचून दाखवत होते. काकींच्या सासूबाईंचं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, त्या जिन्यात मी तुला अडकवून ठेवणार नाही.
उम्म कैसचं दोनदा वाचायला लावलं. नंतर स्वतःच चष्मा लावून अनुवादचा ३४ वा अध्याय काढला. म्हणाली, "मोशेला देवाने लांबूनच दाखवलं. मला लांबून दिसलं तर मी तक्रार कशाला करू? तुझे बाबाही इथूनच बघायचे." बाबांच्या खोलीत त्या देशाचा जुना नकाशा भिंतीवर आहे, तिच्या मनात तो होता.
तर ठरलं. फक्त जॉर्डन, पाच रात्री, मादाबात मुक्काम, पेट्रा नाही, पास नाही. अहमदाबादहून दोघींचं जाऊन-येऊन विमान ९६ हजारांत मिळतंय, रद्द केलं तर बहुतेक पैसे परत येतात असं तिकीट आहे. सगळं धरून दोन लाख सत्तरपर्यंत जाईल. परराष्ट्र खात्याची सूचना बघूनच पैसे भरणार आहे. उम्म कैससाठी दोन दिवस मोकळे ठेवलेत, एका दिवशी धुकं असलं तर दुसऱ्या दिवशी जाऊ. तुम्ही बहुतेकांनी यरुशलेम सोडू नका म्हटलंत, त्यामागची माया कळते. पण हे असंच करायचंय.

निझामपुरा_७
मला पटलं नाही, पण आईंना सलाम सांगा. सिनायचे फोटो रात्री टाकतो.

रेल्वे_निवृत्त_बडोदे
वारीतही गर्दीमुळे कळसाला हात जोडून परतणारे वारकरी असतात, त्यांची वारी काही कमी होत नाही. तिकिटाच्या अटी छापून जवळ ठेवा.

दांडियाबाजारची_लेक
एक शेवटचं. आईला यार्देनचं पाणी मंडळीसाठी आणायचंय. म्हणते, गालीलचंच पाणी खाली येतं ना.

ओल्डपादरा_रोड
गालीलमधूनच खाली येते नदी, पण वरती पाणी बरंच वळवून घेतात. खाली अल-मग्तसला ती अरुंद आणि गढूळ आहे, पलीकडचा इस्राएली काठ अगदी हाकेवर. आईंना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे वाईट वाटणार नाही. प्लॅस्टिकची बाटली इथूनच न्या, काठोकाठ भरू नका, बुचाला टेप लावा आणि चेक-इनच्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा. हातातल्या बॅगेत ठेवलीत तर काढून घेतील.

दांडियाबाजारची_लेक
दोन बाटल्या नेते. एक बाबांच्या कबरीसाठी.