कडं टायटॅनियमचं की स्टीलचं, आणि त्यावरून सायकलपर्यंत (सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी-३०१: नमस्कार सगळ्यांना, मेंटेनन्सचं नाहीये, वेगळंच विचारायचंय. सासऱ्यांसाठी ऑनलाइन कडं मागवलं होतं, त्यावर शुद्ध टायटॅनियम, त्वचेला त्रास नाही, गंजत नाही असं सगळं लिहिलेलं, ६४९ रुपये. आठ दिवसांत मनगटाला गोल लाल पट्टा उठलाय आणि इतकी खाज की रात्री झोप नाही त्यांना. टायटॅनियमने असं होतं का?

ए-१०२: लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंड

बी-३०१: लावला, नाही चिकटत

ए-१०२: मग ओरिजिनल आहे

सी-५०४: तसं नाही ठरत हो. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ आणि ३१६ या प्रकारांना पण लोहचुंबक धरत नाही, पितळेला नाही, ॲल्युमिनियमला नाही. चिकटलं तर टायटॅनियम नाही एवढं पक्कं, पण नाही चिकटलं म्हणून काहीच कळत नाही. ताई, आधी ते कडं काढून ठेवा, हात साध्या पाण्याने धुवा आणि त्यावर घरगुती लेप वगैरे काही लावू नका. खरं काय ते घरातच बघता येईल, तुमच्याकडे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आहे का?

बी-३०१: आहे काका, केकसाठी घेतलेला, एक ग्रॅमपर्यंत दाखवतो

सी-५०४: पुरे झाला. आधी कडं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, कडं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला आणि काठाला टेकू देऊ नका, हातात धरून ठेवा. काटा जो आकडा दाखवेल ते त्या कड्याने बाजूला सारलेलं पाणी. कोरडं वजन भागिले हा आकडा. टायटॅनियम असेल तर साडेचारच्या आसपास यायला हवं, स्टीलला ७.८ ते ८, पितळेला साडेआठ, ॲल्युमिनियमला २.७. बुडबुडे चिकटले असतील तर झटकून टाका आणि कडं पोकळ नाही ना ते बघा, पोकळ असेल तर हिशोब चुकतो

बी-३०१: थांबा करते

ए-७०३: काका भारी आहे हे, शाळेत शिकलो होतो आर्किमिडीज पण घरात कधी वापरला नाही

बी-३०१: कोरडं ४१ ग्रॅम, पाण्यात ५ दाखवतोय. दोनदा केलं, दोन्ही वेळा ५

सी-५०४: ४१ भागिले ५ म्हणजे ८.२. काटा एक ग्रॅमचा आहे म्हणून थोडं इकडेतिकडे होणार, पण टायटॅनियम असतं तर पाण्यात ९ दाखवलं असतं, ५ नाही. स्टील आहे किंवा वरून मुलामा दिलेलं पितळ. फोटो काढून ठेवा आणि परत पाठवा, वर्णनात लिहिलेला माल नाही म्हणून पैसे मागा

बी-३०१: वाईट वाटलं हो काका, त्यांनी किती आवडीने घातलं होतं. पण स्टीलने पण त्रास होत नाही असं ऐकलंय, आपण ताट वाट्या रोज वापरतो

सी-५०४: चांगल्या स्टीलमध्ये पण निकेल असतं, ३१६ मध्ये १० टक्क्यांच्या वर, पण ते घट्ट बांधलेलं असतं, घामाने फारसं सुटत नाही. स्वस्त मालावर निकेलचा मुलामा असतो तो घामाने सुटतो आणि ज्यांना चालत नाही त्यांना असाच पट्टा उठतो. बाबांना नक्की निकेलच आहे का ते त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर पट्टी लावून करायची ॲलर्जीची तपासणी, केली की कळेल. अंदाजावर राहू नका, कारण एकदा ही ॲलर्जी झाली की सहसा जात नाही, मग घड्याळाचा पट्टा, बेल्टचं बक्कल, पँटचं बटण सगळीकडे लक्ष ठेवावं लागतं

सी-२०१: माझ्या मुलीचे कान असेच पिकतात, सोन्याचं सोडून काहीच चालत नाही. जर्मन सिल्व्हरचे झुमके घातले तर दुसऱ्या दिवशी पाणी

सी-५०४: मावशी, जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. म्हणून तिला तेच सगळ्यात जास्त बाधतंय. कानात घालायची दांडी इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाच्या, टायटॅनियमची मिळते ती घ्या आणि खाली लोंबणारा भाग कसलाही असू दे, पण जी मांसातून जाते ती तार चांगली हवी. युरोपात टोचलेल्या जागेच्या दागिन्यासाठी निकेल किती सुटलं चालेल याची वेगळी आणि जास्त कडक मर्यादा आहे, ती यासाठीच

बी-१०४: मग चष्म्याचं काय? मला ऑप्टिशियनने मेमरी टायटॅनियम म्हणून फ्रेम दिलीय, कशीही वाकवा परत सरळ होते. कानामागे मात्र चुरचुरतं

सी-५०४: हे मला सांगायचंच होतं. ती परत सरळ होणारी फ्रेम म्हणजे बहुतेक निटिनॉल नावाचा मिश्रधातू, त्यात टायटॅनियम असतं पण वजनाने निम्म्याहून जास्त निकेल असतं. वर कोटिंग आहे तोवर ठीक, ते घासलं गेलं की कानामागे धातू सरळ त्वचेला लागतो. ज्याला निकेल चालत नाही त्याने प्युअर टायटॅनियम किंवा बीटा टायटॅनियम (टायटॅनियमचाच एक मिश्रधातू) मागायचं आणि निकेल आहे का हे तोंडाने विचारायचं. कानामागे हिरवट मळ येत असेल तर ते तांब्यामुळे, तो वेगळा विषय

बी-१०४: बाप रे, आजच जाऊन विचारतो

ए-१०२: ग्राइंडरवर ठिणगी बघितली तर कळतं ना? टायटॅनियमची पांढरीशुभ्र पडते असं व्हिडिओत होतं

सी-५०४: पडते, खरं आहे, पण घरात करू नका ही विनंती. भोसरीला आमच्या वर्कशॉपमध्ये हाडात बसवायचे स्क्रू व्हायचे, सगळं टायटॅनियम. एकदा लेथखाली साठलेल्या बारीक चिपला, म्हणजे धातूच्या किसाला, आग लागली. ट्रेनी मुलगा घाबरून पाण्याची बादली घेऊन पळत आला, मी ओरडून त्याला थांबवलं, कारण पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी टाकलं की आग वाढते. कोरडी वाळू टाकून विझवली. तो मुलगा रात्रभर झोपला नव्हता आणि मी पण. तेव्हापासून प्रत्येक पाळीला चिप उचलायची आणि वाळूचा डबा मशीनपाशीच ठेवायचा, हे मी कधी ढिलं होऊ दिलं नाही

ए-७०३: काका तुम्ही यातलेच आहात म्हणून माझा प्रश्न विचारतो, ग्रुपवर चालेल ना? मी पुढच्या सीझनला ६०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करतोय, ४० तासांची. सगळे म्हणतात आयुष्यभराची एकच सायकल घ्यायची तर टायटॅनियम घे, नुसत्या फ्रेमचं कोटेशन दीड लाखाच्या पुढे आलंय. आत्ता माझी ॲल्युमिनियमची आहे, रस्त्याचा हादरा हाताला बसतो, २०० किमीनंतर बोटं बधिर होतात. घेऊ का?

सी-५०४: आधी टायर केवढे आहेत ते सांग आणि हवा किती भरतोस

ए-७०३: २५ मिमी रुंदीचे, हवा शंभर पीएसआय

सी-५०४: मग हादरा फ्रेमचा नाही, टायरचा आहे. फ्रेम उभ्या दिशेला किती दबते, एखादा मिलीमीटर, टायर त्याच्या कितीतरी पट दबतो. तुझ्या फ्रेममध्ये ३२ चे बसतात का बघ आणि हवा बरीच कमी कर, तुझं वजन बघून, आणि मग आपल्या त्या बोपदेव घाटाच्या रस्त्याने जाऊन ये. हजार दोन हजारांत कळेल. बोटं बधिर होणं हँडलच्या उंचीमुळेही होतं, फिटिंग करून घे

ए-७०३: हो पण टायटॅनियमची राइड मऊ असते म्हणतात ना

सी-५०४: त्यात थोडं तथ्य आहे. टायटॅनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण अर्धा, वजन साठ टक्के. पण मग बनवणारा नळी जाड व्यासाची घेतो, आणि भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर नळीचा ताठपणा आठपट होतो. म्हणजे फ्रेम मऊ की कडक हे धातू ठरवत नाही, नळी कशी घेतली ते ठरवतं. मऊ ॲल्युमिनियम आणि दगडासारखी टायटॅनियम दोन्ही बनवता येतात

बी-१०४: वजनात फरक किती पडतो पण?

ए-७०३: चांगली क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टीलची, फ्रेम दोन किलोच्या आसपास, टायटॅनियम दीड, कार्बन एक किलोच्या आत बाहेर

सी-५०४: म्हणजे क्रोमोली आणि टायटॅनियममध्ये अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. बीआरएमला तू दोन बाटल्या, दिवे, पंप, रेनकोट घेऊन जाणार. आणि समजा ३८० व्या किलोमीटरला रात्री फ्रेमला तडा गेला. क्रोमोली असेल तर कुठल्याही तालुक्याच्या गावात सकाळी ब्रेझिंग, म्हणजे पितळेने सांधा जोडण्याचं काम, करणारा माणूस मिळेल, दिसायला वाईट दिसेल पण घरी पोचशील. टायटॅनियम वेल्ड करताना बाहेरून आणि नळीच्या आतून दोन्हीकडून अर्गॉन वायू लागतो, तापलेला असताना हवा लागली की ऑक्सिजन पिऊन ठिसूळ होतो. चांगला सांधा चांदीसारखा चमकतो, फार तर फिकट पिवळा, निळा करडा झाला की गेला. फ्रेम घेशील तेव्हा सांध्यांचा रंग बघ, पण पॉलिश करून रंग काढलेला असू शकतो म्हणून बनवणाऱ्याचा इतिहास जास्त बघ

ए-६०२: मी रत्नागिरीची, आमच्याकडे खाऱ्या हवेत लोखंडी सायकल तीन पावसाळ्यांत खाल्ली जाते हो. तिथे टायटॅनियमला अर्थ आहे की नाही?

सी-५०४: तिथे शंभर टक्के अर्थ आहे ताई, त्याला ना रंग लागतो ना तेल. समुद्राकाठी राहणाऱ्याने घेतली तर मी अडवणार नाही. पुण्यात स्टील घेणाऱ्याने दरवर्षी पावसाळ्याआधी सीटपोस्ट (सीटखालची दांडी) काढून आतून गंजरोधक तेल फवारायचं आणि खालच्या बॉटम ब्रॅकेटचं, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथलं, पाणी निघायचं भोक बुजलेलं नाही ना बघायचं, फ्रेम आपल्यापेक्षा जास्त जगते

ए-६०२: आणि एक, लहानपणी काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू असायची, त्यात टायटॅनियम आहे म्हणायचे. वाळूत पडलेलं असून इतकं महाग का?

सी-५०४: आहेच, इल्मेनाइट म्हणतात त्याला. १७९१ साली इंग्लंडात कॉर्नवॉलला विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला असल्याच काळ्या वाळूत हे पहिल्यांदा सापडलं. पण वाळूतून धातू काढायला क्लोरीन लावून आधी द्रव बनवावा लागतो, मग बंद भट्टीत अर्गॉनखाली मॅग्नेशियम घालून दिवसच्या दिवस तापवायचं, त्यातून स्पंजासारखा गोळा निघतो, तो फोडून परत व्हॅक्यूममध्ये वितळवायचा. क्रॉलची पद्धत, १९४० च्या आसपासची, आणि एकेक घाणा काढावा लागतो, सलग चालत नाही. आपल्याकडे केरळात चवऱ्याला २०११ पासून स्पंजाचा कारखाना आहे. मला त्याचं फार कौतुक, आम्ही इतकी वर्षं बाहेरून आलेला रॉड कापत होतो. जगात खणलेलं बहुतेक टायटॅनियम मात्र धातू होतच नाही, पांढरा रंग होतं. आत्ता आपल्या बी विंगला जो रंग चाललाय ना त्यातही तेच

सी-२०१: म्हणजे माझं टायटनचं घड्याळ टायटॅनियमचं नाही?

ए-७०३: नाही मावशी, ते टाटा आणि तामिळनाडू यावरून नाव पडलंय. टायटॅनियमची मॉडेल्स वेगळी येतात, मागच्या झाकणावर लिहिलेलं असतं

ए-७०३: काका मग माझं काय करू, स्पष्ट सांगा

सी-५०४: आधी ३२ चे टायर. एक २०० किमीची राइड त्यावर कर. मग क्रोमोली बघ, आणि तरीही टायटॅनियम मनात राहिली तर घे, मी येतो सोबत सांधे बघायला. फक्त एक, त्यात बॉटम ब्रॅकेटचा ॲल्युमिनियमचा कप किंवा सीटपोस्ट बसवताना अँटीसीझ पेस्ट लावल्याशिवाय बसवू द्यायचं नाही, दोन धातू ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात, मग निघत नाहीत. कार्बनचा सीटपोस्ट असेल तर त्याची पेस्ट वेगळी

ए-७०३: ठरलं. टायर आजच मागवतो

बी-३०१: काका, सेलरने परतीची रिक्वेस्ट घेतली, काट्याचे दोन्ही फोटो टाकले होते. बाबांची उद्या संध्याकाळी त्वचेच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय. ते विचारतायत की चांदीचं जुनं कडं आहे कपाटात, ते चालेल का

सी-५०४: पुरळ पूर्ण जाईपर्यंत काहीच नको. नंतर चालेल बहुतेक, पण त्याला डाग देताना काय वापरलंय ते माहीत नाही म्हणून डॉक्टरांना दाखवा. रविवारी सकाळी मी खाली पार्किंगमध्ये माझा ०.०१ ग्रॅमचा काटा घेऊन बसतो, ते कडं घेऊन या, चांदी असेल तर साडेदहाच्या जवळ येईल. आणखी कुणाला काही तपासायचं असेल तर आणा, दोरा आणि ग्लास माझ्याकडे आहे

सी-२०१: मी मुलीचे सगळे झुमके आणते

ए-६०२: किती वाजता?

सी-५०४: साडेआठ. पाण्याची गाडी गेल्यावर