मदत हवी आहे: क्लायंटचे बदल संपत नाहीत, आणि निम्मे माझ्याच चुकीचे आहेत

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा. चार वर्षांपासून एकटाच वेबसाइटची कामं करतो. ऑफिस म्हणजे इंदिरानगरच्या घरातली मागची खोली.

दिंडोरीकडे एका द्राक्ष बागायतदारांनी शेतावर चार खोल्या बांधून कृषी पर्यटन सुरू केलंय. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही. काम मामांच्या ओळखीतून आलं, त्यामुळे कागदावर काहीच नाही. पाच पानांची साइट, २८,००० रुपये, निम्मे आधी, निम्मे साइट सुरू झाल्यावर. सप्टेंबरअखेर ठरलं, नोव्हेंबरात द्यायची होती. आज १२ डिसेंबर.

ऑक्टोबरभर मजकूर मागत होतो, नाना फोन उचलेनात. शेवटी आली ती माहितीपत्रकाची श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल, माझ्याकडे उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. निम्मं कन्व्हर्टरनं आणलं, निम्मं हातानं टाइप केलं. लोगो वर्डमध्ये चिकटवलेला. असो, याची आता सवय आहे.

खरा त्रास पुढं. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर नानांचा आवाज: "बाळा, एकच छोटं काम होतं." अशी सतरा छोटी कामं झाली. त्यात जावईबापू पुण्याहून साइट बघतात, त्यांना तिसरंच काही हवं असतं. परवा म्हणाले, ऑनलाइन बुकिंग आणि पेमेंटही टाकून द्या, त्यात काय एवढं.

इथवर वाचून तुम्ही माझ्या बाजूनं असाल. मीही होतो. काल रात्री हिशोब मांडायचा म्हणून सगळे मेसेज पुन्हा ऐकले. तिसऱ्यात नाना म्हणतात, "बाळा, ही द्राक्षं हिरवी दिसतात. आपल्याकडं काळी असतात." पहिल्या पानावरचा फोटो मी फोटोंच्या साइटवरून घेतलेला, थॉमसन या हिरव्या जातीचे घड. नानांची बाग सगळी शरद सीडलेस, म्हणजे काळी जात. तासाभराची वाट, पण मी एकदाही गेलो नव्हतो. असे धरले तर सतरातले सात-आठ बदल माझेच.

आता पैसे कशाचे मागू, आणि ओळखीतल्या माणसाकडे कोणत्या तोंडानं? दुसरं म्हणजे डोमेन (साइटचा पत्ता) माझ्या नावावर आहे, कारण तेव्हा नानांचं कार्ड चालेना. मित्र म्हणतो, पैसे येईपर्यंत सोडू नकोस. मन धजत नाही.

---

सातपूरकर: डोमेन अडवू नका. उद्या नाना गावभर सांगतील, पोरानं आमचं नाव स्वतःच्या नावावर करून घेतलं, आणि ते खोटंही नसेल. डोमेन घेतलं त्याच कंपनीत त्यांच्या नावाचं खातं काढा आणि तिकडे सरकवा. साइट सुरू करणं तुमच्या हातात आहेच की.

पिंपळगावची: ऑक्टोबरात मजकूर मागितलात? धन्य आहात. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू असते तेव्हा. ती झाली की पाऊस येतो की काय म्हणून डोळे आभाळाकडे आणि हातात फवारणीचा पंप. तेव्हा कुठला बागायतदार तुम्हाला 'आमच्याविषयी' लिहून देईल? पाहुणे येतात जानेवारीपासून, माल तयार झाला की. म्हणजे साइट डिसेंबरअखेर हवीच, नाना रात्री अकराला बोलतात ते त्यामुळे. दिवसभर ते बागेत असतात हो.

हिशेबनीस: उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) आहे का? काम घेण्याआधी असती तर २००६ च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्याचा आधार होता: लेखी करार असला तरी पैसे द्यायला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. पुढच्या कामांसाठी करून ठेवा. नानांना मात्र कलम दाखवायला जाऊ नका, मामा घरी येऊन बोलतील.

सातपूरकर: आणि जावयाशी परस्पर बोलणं बंद. शेवटचा शब्द कोणाचा, हे नानांनाच विचारा, पण समोर बसून. चुकलेलं फुकट दुरुस्त करा, आधी न ठरलेल्याचा भाव वेगळा सांगा.

---

धागाकर्ता: काल रविवारी जाऊन आलो. सतरा बदल कागदावर लिहून नेले होते, आठांपुढे 'माझी चूक'. नानांनी कागद वाचला, काही बोलले नाहीत, चहा सांगितला. मग बुकिंगचं विचारलं, १२,००० वेगळे लागतील म्हणालो. तर म्हणे, "बुकिंग कोणाला पाहिजे? माणसाशी फोनवर बोलल्याबिगर मी खोली देत नाही." जावयांना ते स्वतः सांगणार आहेत.

डोमेन तिथंच बसून त्यांच्या खात्यात टाकलं. ओटीपी नानींच्या फोनवर येत होता आणि नानी गोठ्यात, त्यात अर्धा तास गेला. २५ तारखेला साइट सुरू, त्याच दिवशी १४,०००, असं मी व्हॉट्सॲपवर लिहिलं आणि नानांनी खाली अंगठा दिला.

शेवटी फोटो काढायला बागेत गेलो तर घड सगळे हिरवे! नाना हसत सुटले. "अजून रंग भरायचाय. जानेवारीत ये."

तर मंडळी, तोवर पहिल्या पानावर काय लावू?