‘आर्किटेक्चर’ला स्थापत्य म्हणावं की घडण?

प्रश्न (सांगली)
विश्रामबागेत डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. प्रोसेसरच्या ‘आर्किटेक्चर’साठी फळ्यावर ‘स्थापत्य’ लिहिलं की मुलांच्या डोळ्यांपुढे सिव्हिलची शाखा येते. ‘रचना’ फारच सैल, कशालाही लागते. नेमका शब्द कोणता?

उत्तर (मिरज)
मॅडम, एका शब्दावर भागणार नाही, कारण त्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या सतारमेकर गल्लीतल्या दोन कारागिरांच्या सतारी घ्या. भोपळा वेगळा, जवारी वेगळी, पण पडद्यांची मांडणी तीच. वाजवणारा एक खाली ठेवतो, दुसरी उचलतो आणि तीच गत वाजवतो. इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्यांचं असंच आहे. इंटेलच्या १९७८च्या ८०८६ या चिपपासून वाढत आलेल्या आज्ञा दोघांच्याही चिपला कळतात, आतलं काम ज्याचं त्याचं. २०१७ साली एएमडीचा रायझन प्रोसेसर आला आणि बाजारात पुन्हा चुरस लागली. तेव्हा एएमडीने बदललं ते हे आतलं काम. त्याला मी ‘घडण’ म्हणेन.

आर्म (बहुतेक मोबाइलमधल्या प्रोसेसरची जात) म्हणजे सरोद. त्याला पडदेच नाहीत, सतारीची बोटं तिथे चालत नाहीत. २०२० साली ॲपलने मॅक आर्मच्या वाटेवर नेले, तेव्हा आज्ञाच बदलल्या. म्हणून जुन्या प्रोग्रॅमसाठी रोझेटा २ हा दुभाषा मध्ये बसवावा लागला. चिपला कळणाऱ्या आज्ञांचा हा जो संच, तो ‘आज्ञासंच’.

प्रश्न (सांगली)
पटलं. पण ‘सूचनासंच’ असंही वाचलंय. ते का नको?

उत्तर (मिरज)
सूचना आपण सभेत मांडतो, ती फेटाळता येते. ‘ही दोन अंकांची बेरीज कर’ म्हटल्यावर प्रोसेसरला नाही म्हणायची सोय नसते. ती आज्ञाच.

आणखी एक उत्तर (सातारा)
आज्ञासंच मलाही मान्य. पण ‘रिस्क’ (RISC, आर्मसारख्या चिपच्या आज्ञांची पद्धत) याचं भाषांतर ‘कमी आज्ञांचा’ असं करतात, ते मुलांना चुकीचं शिकवतं. मुद्दा आज्ञांच्या संख्येचा नाही, एकेका आज्ञेवर किती काम लादलंय याचा आहे. ‘रिस्क’ला ‘सुट्या आज्ञा’ आणि त्याच्या उलट असलेल्या ‘सिस्क’ला ‘गुंफलेल्या आज्ञा’ म्हणून बघा. ६४ बिटांच्या आर्ममध्ये प्रत्येक आज्ञा ४ बाइटांची, एका मापाची. एक्स८६मध्ये, म्हणजे इंटेल-एएमडीच्या आज्ञासंचात, १ पासून १५ बाइटांपर्यंत कितीही लांब. तरी १९९५च्या पेंटियम प्रोपासून इंटेलची चिपही गुंफलेली आज्ञा आत गेल्यावर सोडवून सुटी करते. म्हणजे आज्ञासंच जुना, घडण नवी. मिरजकरांचे दोन्ही शब्द इथे एकाच वाक्यात बसले, यावरूनच ते टिकतील असं मला वाटतं.

जाता जाता: रिस्क-फाइव्हला ‘मोफत’ म्हणू नका, ‘मुक्त’ म्हणा. २०१०मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात सुरू झालेला हा आज्ञासंच वापरायला कुणाला परवाना-शुल्क द्यावं लागत नाही. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर त्याच्यावरच उभा आहे. पण चिप बनवायला पैसा लागतोच.

प्रश्न (सांगली)
वर्गात हे चालेल. तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाला कसं सांगता?

उत्तर (मिरज)
मागे मार्केट यार्डातले हळदीचे एक अडते नवा लॅपटॉप घेऊन दुकानात आले. वजनाला हलका, बॅटरी दिवसभर, विंडोज नेहमीचंच. आत आर्म. बिलाचा जुना प्रोग्रॅम दुभाष्याच्या जिवावर उघडला, पण प्रिंटर हलेना. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, मुळातच आर्मसाठी लिहिलेला हवा, तिथे दुभाषा चालत नाही, आणि त्या जुन्या प्रिंटरसाठी तसा कुणी लिहिलेला नव्हता. विकणाऱ्याने त्यांना ‘लेटेस्ट प्रोसेसर’ एवढंच सांगितलं होतं. सौद्याचा दिवस, बाहेर गाड्या उभ्या, आणि हे बिलं हाताने लिहीत बसले. फार वाईट वाटलं.

त्यांना मी म्हणालो, ‘काका, मशीन चांगलं आहे, फक्त याला आज्ञा वेगळ्या भाषेत द्याव्या लागतात.’ लगेच कळलं त्यांना. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की किंमत सांगायच्या आधी मी विचारतो, प्रिंटर कोणता आहे?