धर्मावरून तट पडले की दुकानात काय बदलतं? जाणकारांचे अनुभव

वस्तीत धर्मावरून फूट पडली की खरेदी कशी बदलते, हे या व्यवसायातल्या माणसांनी लिहावं. कामाचं आणि नेमकं.

किराणा
गिऱ्हाईक एका दिवसात तुटत नाही. आधी मांस आणि तयार खाणं बंद होतं, मग सुटा किराणा. औषधं आणि खिळे-मोळे मात्र शेवटपर्यंत खपतात. सगळ्यात नाजूक असते ती उधारी. बाकी असलेला माणूस तणावात तोंड चुकवतो. वसुलीला त्याच्या दारात कुणाला पाठवू नका, ती धमकी वाटते. फोनवर हप्ते ठरवून द्या. बाकी फिटते आणि येणं-जाणंही टिकतं.

घाऊक
अर्धी फूट द्वेषाने पडत नाही, मागणीच्या चुकलेल्या तारखांनी पडते. हिजरी म्हणजे इस्लामी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. दिवाळीला अधिक महिना ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरून ठेवतो, तर नाताळ हलतच नाही. गेल्या वर्षीच्या तारखेवर ईदचा माल मागवला की तो सण उलटल्यावर पोचतो, आणि ‘या दुकानात आपलं काही मिळत नाही’ ही समजूत पक्की होते. चंद्रदर्शनावर एक दिवस इकडे-तिकडे होतो. नाशवंत माल दोन खेपांत घ्या.

मांस, बेकरी
हलाल माल ठेवायचा तर सुरी, फळी, तराजू वेगळे हवेत. फ्रीजमध्ये वेगळा कप्पा, तोही वरचा. खालच्या कप्प्यात वरचं रक्त गळतं. एवढं केलं तरी लोक विश्वास ठेवतात तो डोळ्यांनी पाहिल्यावरच, म्हणून कापण्याची जागा समोर असू द्या. जेलीच्या गोळ्यांतलं जिलेटिन जनावराचं असतं. कशाचं, ते पाकिटावर नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

बहिष्काराचे अभ्यासक
आयर्लंडमधल्या फेथर्ड-ऑन-सी गावात १९५७ साली एका मिश्रधर्मी जोडप्याचा मुलींच्या शाळेवरून वाद झाला, आणि कॅथलिकांनी प्रोटेस्टंट दुकानांत जाणं सोडलं. दुकानदारांचा वादाशी काडीचा संबंध नव्हता! पंतप्रधान डी व्हालेरा यांनी संसदेत निषेध केला.

घरपोच सेवा
अशा वेळी कित्येकांना माल हवा असतो, नको असतं ते दुकानात शिरताना दिसणं. त्यांच्यासाठी नाव न छापलेली पिशवी वापरा, बिल आत ठेवा, आणि पोचवणारा शक्यतो त्याच गल्लीतला असावा.