बारीक लॅपटॉपवर आता पैसे घालावेत की नवीनच घ्यावा?

पासधारक_डोंबिवली
माझा लॅपटॉप २०१८ सालचा. आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, वजन १.१ किलोच्या आसपास. मी ऑडिटचं काम करते. ऑफिस फोर्टला, पण असते जास्त क्लायंटकडे. आज महापे, तर उद्या भिवंडीच्या गोडाऊनमध्ये स्टॉक मोजायला. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये सॅक पोटावर घेऊन उभी असते. ठाण्याला बायका चढल्या की रॅकपर्यंत हातसुद्धा पोचत नाही. तेव्हा कृपा करून जड मशीन सुचवू नका.

हल्ली हा दमतो. टॅली, एक्सेलची मोठी शीट, जीएसटीचं पोर्टल उघडं आणि त्यात टीम्सवर मीटिंग लागली की पंखा किंचाळतो, कर्सर जागच्या जागी. बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. घराजवळचा दुकानदार म्हणतो, रॅम वाढवून देतो, पळायला लागेल. भाऊ म्हणतो, मॅकबुक एअर घे. नवरा म्हणतो, चालतोय ना अजून? कोणाचं ऐकू?

कटिंग_कमी_साखर
नवऱ्याचं सोडून कोणाचंही.

सोल्डरगन
ताई, दुकानदाराला पैसे द्यायच्या आधी घरीच एक बघा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' असं दिसलं तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली आहे. मग तो वाढवणार काय, कप्पाळ? 'एसओडिम' दिसलं तर स्लॉट आहे. थोडी रॅम सोल्डर आणि वर एक स्लॉट, असलीही मशिन्स येतात. पण १.१ किलोच्या मशीनमध्ये स्लॉट क्वचितच सापडतो. चिपा उपटून मोठ्या बसवणारे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला भेटतील. मी ते काम घेत नाही. बोर्ड गेला की गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर येऊन बसतं.

आता दमण्याचं. यात रॅम अर्धी गुन्हेगार. बाकी अर्धी उष्णता. बारीक मशीनमध्ये तांब्याची एक चपटी नळी आणि बारका पंखा, एवढाच कारभार. त्याच्या जाळीत आपली दमट हवा आणि भिवंडीची धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो आणि मालकाला वाटतं मशीन म्हातारं झालं. साफ करून, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट बदलून दिली की निम्मी गिऱ्हाइकं नवीन घ्यायचा विचार सोडतात. (धंद्याचं नुकसान, पण काय करणार.)

एसएसडी, म्हणजे फायली साठवायची डिस्क, बहुतेक विंडोज मशीनमध्ये बदलता येते. त्याने जागा मिळेल, ८ जीबीचे १६ होणार नाहीत. मात्र डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर आधी रिकामी करा. रॅम संपली की विंडोज डिस्कवरच पसारा मांडतं.

सगळ्यात आधी बॅटरी तपासा. टचपॅड वर उचललंय का? झाकण नीट मिटतं का? टेबलावर डुगडुगतो का? यातलं एकही असेल तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता धरा. चार्जिंगला लावू नका आणि असली वस्तू सॅकमध्ये घालून गर्दीच्या डब्यात तर अजिबात चढू नका.

त्रैमासिक_रिटर्न
मीही याच धंद्यातला. भावाला सांगा, मॅकवर टॅली थेट चालत नाही, विंडोजची काहीतरी सोय करावी लागते. मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्होट, म्हणजे मोठा डेटा जोडून तपासायची सोय, नाही. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन जुन्या मोठ्या यूएसबीचं असतं, एअरला ते लावायला डोंगल हवा. आणि गंमत म्हणजे १३ इंची एअरचं वजन १.२४ किलो, म्हणजे तुमच्या आत्ताच्या मशीनपेक्षा जास्तच. पंखा नाही, आवाज नाही, बॅटरी उत्तम, हे सगळं कबूल. पण तो कवींसाठी आहे, ऑडिटसाठी नाही.

गिरगावकर_निवृत्त
कवींवर घसरू नका हो. पहिला एअर २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्जने कागदी पाकिटातून काढून दाखवला, तेव्हा लोक जाडी बघून वेडे झाले. १.३६ किलो, यूएसबीचं भोक एकच, २ जीबी रॅम आणि तीही बोर्डावरच सोल्डर केलेली. रोग तेव्हापासूनचा आहे.

माझं म्हणणं, बारीक आणि हलका यांची गल्लत करू नका. लोकलमध्ये वजन खांद्याला लागतं, जाडीचे चार मिलिमीटर कोणाला कळतात? थोडा जाड पण हलका बघा. एलजीचा १७ इंची ग्राम साधारण १.३५ किलो भरतो, त्यावरून अंदाज घ्या. आणि दुकानात चार्जरसकट उचलून बघा. कंपनीच्या जाहिरातीत चार्जर कधीच वजनात धरलेला नसतो.

सोल्डरगन
काकांना +१. नवीन घेतलाच तर १६ जीबीच्या खाली जाऊ नका, ताईंच्या कामाला ३२ मिळाली तर उत्तम. सोल्डर असेल तर नंतर पश्चात्ताप करायचीही सोय नाही. पण घाईही नको. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे घेतं, म्हणजे ताई अगदी काठावर पास.

पासधारक_डोंबिवली
बघितलं. 'रो ऑफ चिप्स'. दुकानदाराला स्क्रीनशॉट पाठवला, तर म्हणतो मग एसएसडी तरी घ्या! बॅटरी फुगलेली नाही, पण विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमतेच्या निम्मीसुद्धा भरत नाहीये. आता सफाई आणि बॅटरी, एवढंच करते. ३० सप्टेंबरची टॅक्स ऑडिटची मुदत डोक्यावर असताना नवीन मशीनवर सगळं चढवत बसायला वेळ नाही. नवीन दिवाळीच्या सुमारास बघेन, चार्जरसकट उचलून. नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नाही, आपण जिंकलो असं वाटेल त्याला.

लॅमिंग्टन रोडची दुकानं रविवारी उघडी असतात का?

सोल्डरगन
माझं रविवारी बंद. शनिवारी दुपारच्या आत या, आणि क्लायंटच्या डेटाचा बॅकअप काढल्याशिवाय मशीन माझ्याच काय, कोणाच्याच हातात देऊ नका.